तर्री-पोह्याचं भावबंधन

चाळीस सेकंद! अख्ख्या वीकेंडची वाट लागायला फक्त चाळीस सेकंद लागले.

२०२३ चा डिसेंबर. नागपुरात हिवाळी अधिवेशन चालू, त्यामुळे अर्ध्या शहरात बॅरिकेड्स आणि उरलेल्या अर्ध्यात ट्रॅफिक. त्यातून वाट काढत मी सावनेरच्या एसटीत बसलेली. मांडीवर बुटांचं रिकामं खोकं, खोक्याला पेनाने पाडलेली भोकं. आत तर्री. वय पाच महिने, रंग तांबूस-तपकिरी, नाक सतत चालू. घरी होता पोहा. पोहा म्हणजे माझा पहिला ससा. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, दीड वर्षाचा. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पोहे कोरडे खात नाहीत, वर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओततात. घरात आधीच पोहा असल्यावर दुसरीचं नाव ठरवायला डोकं लावावंच लागलं नाही.

प्लॅन एकदम सिंपल होता. घरी जायचं, तर्रीला पोह्याच्या पिंजऱ्यात सोडायचं. दोघं एकमेकांना हुंगणार, मग नाकाला नाक लावणार, मग मी फोटो काढणार आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकून भरपूर ‘सो क्यूट’ गोळा करणार. दुकानदाराने गॅरंटीच दिली होती, ‘दोनों मादी है मॅडम, आराम से रहेंगे.’

मी दार उघडून तर्रीला आत ठेवलं. पोहा मागच्या कोपऱ्यात होता. त्याने कान मागे टाकले, शेपूट ताठ केली आणि... पुढचं मला नीट आठवतच नाही. दोन ससे दिसेनासेच झाले. एक गरगर फिरणारा गोळा, चहूकडे उडणारे केस आणि एक बारीक, चिरकी किंकाळी. ससा ओरडतो हे मला त्या दिवशी कळलं. मी वेड्यासारखा हात मध्ये घातला, अंगठ्यात दोन दात घुसले. शेवटी बाबा स्वयंपाकघरातून सूप घेऊन धावत आले आणि दोघांच्या मध्ये आडवं घातलं. तर्रीच्या कानाची कड फाटली होती. माझ्या अंगठ्याला तीन टाके, वर टिटॅनसचं इंजेक्शन.

बाजेवर बसलेली आजी सगळं बघत होती. ती शांतपणे म्हणाली, ‘काहून वं पोरी, सवत आणून सोडली का तिच्या घरात?’

आता तुम्ही म्हणाल, हौस कशाला होती दुसरा ससा आणायची? त्याचं असं आहे, मी रोज सावनेर-नागपूर अप-डाऊन करते. सकाळी साडेसातची एसटी, संध्याकाळी घरात शिरेपर्यंत तीच वेळ. म्हणजे पोहा रोज बारा तास एकटा. आई शाळेत, बाबा शेतावर, आजी दुपारी झोपलेली. गेले काही महिने तो पिंजऱ्याच्या सळया चावत बसायचा. कडकड, कडकड. मी घरी आले की पायाभोवती गोल गोल फिरायचा आणि रविवारी तर माझ्या मागे मागे मोरीच्या दारापर्यंत. मला आधी वाटायचं, काय प्रेम आहे! नंतर वाटायला लागलं, हा प्रेमाचा नाही, कंटाळ्याचा प्रकार आहे.

बाबांना हे पटत नव्हतं. ‘ससा एकटाच राहते बाई,’ ते म्हणायचे, ‘वावरात कधी दोन सोबत पाहिले का तू?’ आणि गंमत म्हणजे बाबांचं बरोबर होतं. फक्त ते दुसऱ्याच प्राण्याबद्दल बोलत होते. आमच्या कपाशीच्या वावरात आणि संत्र्याच्या बागेत जो दिसतो तो काळ्या मानेचा रानससा. तो खरंच एकटा राहतो, बीळ खणत नाही, गवतात दबा धरून बसतो. त्याची पिल्लं जन्मतःच केसाळ असतात, डोळे उघडे असतात. (त्याला धरून आणून पाळायचा विचारही करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.) पिंजऱ्यातला पांढरा गडी मात्र मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा. जमिनीखाली बिळांचं जाळं करून टोळीने राहणारा. पिल्लं उघडी, आंधळी, एकमेकांना चिकटून वाढणारी. दोन वेगळ्या जाती, वेगळे स्वभाव, पण आपल्या मराठीत दोघांनाही शब्द एकच, ससा. मग लोचा होणारच.

आणि टोळीने राहणारा म्हणजे ‘या, बसा, चहा घ्या’ असं म्हणणारा नव्हे! टोळीला हद्द असते. हनुवटीखालच्या ग्रंथी घासून घासून तो प्रत्येक वस्तूवर आपला वास लावून ठेवतो. आमच्या खुर्चीच्या पायापासून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेपर्यंत सगळं पोह्याच्या नावावर होतं. पिंजरा तर त्याचा सातबाराच. त्यात एक परका वास घेऊन कोणीतरी थेट आत शिरलं. तुमच्या बेडरूममध्ये रात्री अनोळखी माणूस दिसला, तर तुम्ही त्याच्या नाकाला नाक लावाल का?

सोमवारी रजा टाकली आणि दोघांना दोन खोक्यांत घालून नागपूरला सेमिनरी हिल्स गाठलं. तिथे व्हेटर्नरी कॉलेज आहे, १९५८ पासूनचं. त्यांच्या दवाखान्यात गाई-म्हशींपासून पोपटापर्यंत सगळे रांगेत असतात. डॉक्टर मॅडमनी तर्रीचा कान साफ केला, मग पोह्याला उलटा धरून दोन सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, ‘हा नर आहे.’

दीड वर्ष! दीड वर्ष मी त्याला ‘ती’ समजत होते.

पुढचा हिशेब त्यांनी असा मांडला की मला घाम फुटला. सशाच्या मादीला कुत्र्या-मांजरासारखा ठरावीक माजाचा काळ नसतो, नर-मादी एकत्र आले की त्यानंतर बीज सुटतं. म्हणजे कुठलाही दिवस चालतो आणि काही सेकंद पुरतात. गाभणकाळ साधारण ३१ दिवस. आणि व्यायल्यावर त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. मी मनातल्या मनात मकरसंक्रांतीपर्यंतची आकडेमोड केली. नशीब, ते चाळीस सेकंद भांडणातच गेले!

घरी येऊन आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मंग सून म्हण ना!’

तर पहिला फंडा हा, आणि बाकी सगळे त्याच्या नंतर. दोन ससे जमवायचे तर आधी दोघांचं ऑपरेशन. नर-मादीची जोडी सगळ्यात लवकर जमते, पण दोघांची नसबंदी झालेली असेल तरच. दोन नर किंवा दोन माद्या पिल्लं असताना गुण्यागोविंदाने राहतात, साडेतीन-चार महिन्यांचे झाले की हार्मोन्स जागे होतात आणि मग एकमेकांच्या जिवावर उठतात. मादीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. ऑपरेशन न केलेल्या मादीला वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण फार जास्त असतं. हे काम सशांची सवय असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण भूल देणं हा यात नाजूक भाग आहे. आणि कोणी सांगितलं की ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा, तर समजा की त्यांना सशांची सवय नाही. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळे तो धोका नसतो, उलट पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात.

आतडी थांबणं म्हणजे काय, हे मला ऑपरेशनच्या आधीच कळलं.

भांडणानंतर दहा-बारा दिवसांनी तर्रीच्या मांडीवर सुपारीएवढी गाठ लागली. त्या दिवशी केसांखाली दाताचं एक भोक राहून गेलं होतं, कोणालाच दिसलं नव्हतं. सशाचा पू पातळ नसतो, टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. बाबांनी काळजीपोटी घरातली अमॉक्सिसिलिनची गोळी काढली, पाव तुकडा करून पाण्यात घोळवायला घेतली. मी म्हटलं, थांबा, आधी फोन करते. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो. पेनिसिलिनच्या घरातली ही औषधं सशाला तोंडावाटे दिली तर त्याच्या आतड्यातले चांगले जिवाणू मरतात आणि मग ससाही. माणसाच्या लेकराला चालतं ते सशाला चालत नाही.

गाठ कापून साफ केली. घरी आणलं, तर तर्री खाईना. कोथिंबीर नाही, दुर्वा नाही, काहीच नाही. ट्रेमध्ये लेंडी नाही. बारा तास ससा खाल्ला नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ती इमर्जन्सी असते, ‘उद्या बघू’ चालत नाही. रात्रभर मी आणि आई आळीपाळीने डॉक्टरांनी दिलेली पावडर पाण्यात कालवून सिरिंजने तिच्या गालात सोडत बसलो. थोडी आत, बाकी माझ्या ओढणीवर. पहाटे चारला आई म्हणाली, ‘चांगली होती ना दुकानात. तू तुझ्या पोह्यासाठी आणली तिले.’

मी काही बोलले नाही. कारण ते खरं होतं. एका सशाचा एकटेपणा घालवायला मी दुसरा ससा आणला होता, औषधाच्या बाटलीसारखा. ती बाटली स्वतः घाबरते, तिला दुखतं, याचा हिशेब त्यात नव्हताच. दुकानदाराला फोन केला होता तेव्हा तो म्हणाला होता, ‘ले आओ मॅडम, बदल के दे देंगे.’ आदल्या दिवशीपर्यंत मी तो विचार करत होते, खोटं कशाला बोलू!

सकाळी साडेसहाला ट्रेमध्ये तीन लेंड्या पडल्या. तीन! मी आजीला उठवून दाखवल्या. साडेसातची एसटी गेली.

दोघांची ऑपरेशन्स जानेवारीच्या शेवटी झाली. थंडीचा हाही एक फायदा, आमच्याकडच्या उन्हाळ्यात या भानगडी नकोत. ऑपरेशन झालं म्हणजे लगेच सोडा एकत्र, असंही नाही बरं का. नर त्यानंतरही काही आठवडे बाप होऊ शकतो, आणि डोक्यातला राग उतरायलाही तेवढा वेळ लागतो. मॅडम म्हणाल्या, सहा आठवडे. मी कॅलेंडरवर गोल केला.

मधल्या काळात त्यांना शेजारी करायचं होतं. बाबांनी पडवीत जाळी लावून दोन भाग केले. एक नाही, दोन जाळ्या, मध्ये चार बोटं अंतर ठेवून. एकच जाळी असली की नाक किंवा पायाची बोटं चावली जातात. पहिला आठवडा पोहा जाळीपाशी येऊन पाय आपटायचा, धप्प, धप्प. तर्री पाठ करून बसायची. मग मी रोज सकाळी दोघांच्या जागा बदलायला लागले. ट्रे तोच, गवत तेच, पांघरूण तेच, फक्त राहणारा दुसरा. एकमेकांच्या वासात झोपायचं, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाची युक्ती. खाणं जाळीच्या दोन्ही बाजूंना, आधी दूर, मग रोज वीतभर जवळ. समोरचा दिसला की पोटात काहीतरी चांगलं जातं, एवढं डोक्यात बसलं तरी पुरे.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी दोघं जाळीच्या दोन बाजूंना अंग टाकून पसरलेले दिसले. पाठीला पाठ. आजी म्हणाली, ‘झालं ना आता, काढ जाळी.’ नाही काढली. अंगठा दुखून आठवण करून देत होता.

मार्चच्या मध्यावर पहिली भेट ठरली. जागा कुठली? जिथे दोघांपैकी कोणाचाच वास नाही अशी. आमच्या माडीवरची खोली पोह्याने कधी पाहिली नव्हती. फरशी गुळगुळीत, म्हणून खाली सतरंजी अंथरली. पाय घसरला की ससा घाबरतो आणि घाबरला की चावतो. संत्र्यांची दोन मोठी पुठ्ठ्याची खोकी ठेवली आणि प्रत्येकाला दोन-दोन दारं कापली. एकच दार असलं की आत शिरलेला कोंडला जातो. गवताचा ढीग, पाण्याची दोन भांडी. आणि मी हार्डवेअरच्या दुकानातले वेल्डिंगचे हातमोजे घालून, हातात सूप घेऊन मध्ये बसलेली. कोणी बघितलं असतं तर वाटलं असतं, पोरगी ज्वारी पाखडून राहिली आणि तिला करंट लागायची भीती आहे.

वेळ फक्त दहा मिनिटं. इथे आपल्यासारख्या नोकरीवाल्यांची पंचाईत होते. आपल्याला रविवारी चार तास बसून विषय संपवायचा असतो. सशांना रोजची दहा-पंधरा मिनिटं हवीत, आणि तीही पहाटे नाहीतर तिन्हीसांजेनंतर, कारण ते तेव्हाच खरे जागे असतात. मी सकाळी सहाची वेळ धरली. डोळे चोळत माडीवर, पंधरा मिनिटं ससे, मग आंघोळ, मग एसटी.

काय दिसलं? पहिल्या दिवशी काहीच नाही. पोहा एका कोपऱ्यात अंग चाटत बसला, तर्री दुसऱ्या कोपऱ्यात गवत खात. मला वाटलं, फ्लॉप शो. पण डॉक्टर मॅडम फोनवर खूश! एकमेकांकडे दुर्लक्ष करणं म्हणजे सशांच्या भाषेत, ‘तुझी भीती वाटत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून पोह्याने पाठलाग सुरू केला. थोडा पाठलाग चालतो, पाठीवर चढणंही चालतं (ऑपरेशन झालेलं असलं तरी चढतात, तो मोठं कोण हे ठरवायचा प्रकार आहे, भलता अर्थ काढू नका), तोंडात केसांचा पुंजका आला तरी लगेच घाबरू नका. पण तोंडाच्या बाजूने चढला तर लगेच उतरवा, खालच्याने चावलं तर नराची नाजूक जागा जाते. दोघं एकमेकांच्या शेपटीमागे जोरात गोल फिरायला लागले, कान मागे आणि शेपट्या वर झाल्या, की सूप मध्ये. तिथून पुढे दोन सेकंदांत तो गरगर गोळा तयार होतो. आणि प्रत्येक भेट बरी चाललेली असतानाच थांबवायची. भांडणावर संपली तर दुसऱ्या दिवशी भांडणापासूनच सुरू होते.

ऑफिसमधल्या एकाने शॉर्टकट सांगितला. दोघांना एका टोपलीत घाल, गाडीच्या डिकीत ठेव आणि रिंग रोडवर एक चक्कर मार. घाबरले की आपोआप चिकटतात. हा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो, आणि मला तो अजिबात आवडत नाही. घाबरून चिकटलेले ससे दोस्त झालेले नसतात, नुसते घाबरलेले असतात. भीती संपली की बाकी राहतात दात. शिवाय मार्चमध्ये बंद डिकीत ससा? शिजेल तो!

नवव्या दिवशी तर्री चालत पोह्यापाशी गेली आणि त्याच्या हनुवटीखाली डोकं घालून जमिनीला चपटी झाली. याचा अर्थ, ‘चाट मला.’ ही शरणागती वाटते, पण असते ऑर्डर. ज्याला स्वतःचं चाटून घेता येतं तो बॉस. पोह्याने दुसरीकडे तोंड फिरवलं. दहाव्या दिवशी तेच, अकराव्या दिवशी तेच. आठवडाभर ती डोकं घालायची आणि हा आढ्याकडे बघायचा. माझाच इगो हर्ट व्हायला लागला.

त्या आठवड्यात मी मराठी शब्द शोधत होते. सगळे ‘बॉन्डिंग, बॉन्डिंग’ म्हणतात, आपल्याकडे काय म्हणायचं? आणि उत्तर गावातच होतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला आमच्या सावनेरातच गेले, हे गावातल्या प्रत्येक पोराला शाळेत सांगतात. त्यांचं शेवटचं पूर्ण झालेलं नाटक कोणतं? ‘भावबंधन’! मास्तरांनी सशांसाठी लिहिलं नव्हतं, कबूल. पण शब्द फिट बसतो.

सोळाव्या दिवशी, सहा वाजून बारा मिनिटांनी, पोह्याने तर्रीचं कपाळ चाटलं. दोनदाच. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात गवत खायला गेला. तर्री तशीच चपटी पडून राहिली, डोळे अर्धे मिटलेले, फाटका कान खाली. मी सूप बाजूला ठेवलं. दोन महिन्यांनी पहिल्यांदा.

पुढचं भराभर झालं. पंधरा मिनिटांचा अर्धा तास, अर्ध्याचे दोन. मग एका शनिवारी मी माडीवरच गादी टाकली आणि दोघांबरोबर पूर्ण चोवीस तास काढले. रात्री एकदा धावपळ झाली, बाकी शांतता. त्यानंतर पडवीतला जुना भाग व्हिनेगरच्या पाण्याने धुऊन काढला, सगळं सामान इकडचं तिकडे केलं, म्हणजे पोह्याला तो आपला सातबारा ओळखूच येऊ नये. सगळं दोन-दोन. दोन ट्रे, दोन भांडी, दोन खोकी. जागाही मोठी लागते. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी संस्था दोन सशांना तीन मीटर बाय दोन मीटर जागा हवी म्हणते. आमच्या पडवीने ती कशीबशी दिली. दुकानात मिळणारा दोन फुटी पिंजरा आता बटाटे ठेवायला वापरतो.

संपलं? छे. मे महिन्यात पोह्याचे दात दाखवायचे होते. तर्रीला उन्हात कशाला न्यायचं म्हणून पोह्याला एकट्यालाच नेला. संध्याकाळी परत आणून पडवीत सोडला, तर तर्रीने त्याला हुंगलं आणि थेट झडप! पोह्याच्या अंगाला दवाखान्याचा, स्पिरिटचा, कुठल्या कुठल्या कुत्र्यांचा वास. तिच्या दृष्टीने हा पोहा नव्हताच, कोणीतरी उपरा पांढरा ससा होता. सूप परत निघालं, जाळी परत लागली. सहा दिवस गेले जमायला. माझी चूक, दुसऱ्या कोणाची नाही. एक आजारी असो की नखं कापायची असोत, जोडीला जोडीनेच न्यायचं, हे कोणीतरी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून तुम्हाला सांगतेय.

आणि नाहीच जमलं तर? माझ्या एका मैत्रिणीचे दोन नर आहेत. ऑपरेशन, जाळी, सतरंजी, सगळं केलं. सहा महिन्यांनी तिने नाद सोडला. दोन वर्षं झाली, मध्ये जाळी आहे आणि दोघं जाळीला टेकून झोपतात. दिसतात, वास येतो, दात पोचत नाहीत. यात काही वाईट नाही. माणसांतही काही नाती अशीच बरी चालतात.

उन्हाळ्यात आमचा पारा ४५ च्या वर जातो आणि सशाला घाम येत नाही, जी उष्णता जाते ती कानांतून. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पडवीत कूलर, जाळीवर ओलं पोतं आणि गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून. पहिल्या वर्षी मी दोन ठेवायचे. आता एकच ठेवते. दोघं तिच्या दोन बाजूंना नाही, एकाच बाजूला पसरतात, तर्री खाली आणि पोह्याची हनुवटी तिच्या फाटक्या कानावर. सळया चावायचा आवाज बंद झालाय. माझ्या पायाभोवती फिरणंही बंद झालंय, हे मात्र मला थोडं लागलं.

मागच्या महिन्यात दोघांना घेऊन सकाळच्या एसटीने तपासणीला निघाले. एकच मोठी वेताची टोपली, वर फडकं बांधलेलं. पाटणसावंगी गेल्यावर कंडक्टर आला.

‘टोपलीत काय हाये मॅडम?’

‘तर्री-पोहा,’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘अरे वा! मंग आम्हाले बी द्या ना थोडे, सकाळपासून च्याबी नाही पेलो,’ म्हणत त्याने फडकं उचललं. आतून आधी एक फाटका कान वर आला आणि मग त्याच्या शेजारी एक पांढरा.